कातळाची वही

मुंबईत एका दिवसात सहा कोटी वर्षांचा प्रवास करता येतो, असं म्हटलं तर आपण हसाल. पण सकाळी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि दुपारी अंधेरीची गिल्बर्ट टेकडी एवढा बेत आखा. मोटारीचा रस्ता फार लांबचा नाही. लांबचा आहे तो काळ.

नेहरू विज्ञान केंद्र 1985 साली खुलं झालं. काचेआड ठेवलेल्या वस्तू लांबून पाहायच्या, हा तिथला रिवाज नाही. बटण दाबा, चाक फिरवा आणि नियम स्वतः पडताळा. तापल्यावर पदार्थ प्रसरण पावतो, निवल्यावर आकुंचन पावतो, हा शाळेतला धडा मनात ताजा करूनच अंधेरीला निघावं.

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत सुमारे दोनशे फूट उंचीचा काळा कातळ सरळ उभा आहे. त्याच्या अंगावर उभ्या खांबांच्या रांगा दिसतात. माझ्याबरोबर आलेल्या भाच्याने विचारलं, ''मामू, हे कोणी कोरलं?'' कोणीच नाही. हजार अंशांहून अधिक तापलेला लाव्हा निवताना आकसला. आकसताना ताण आला आणि तडे गेले. आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला भेगा पडतात, तसंच हे. ताण सर्व बाजूंनी सारखा असला, तर पाच-सहा कोनांचे तुकडे पडतात. थंडावा बाहेरून आत सरकत जातो, तसे तडेही खोल उतरतात आणि खांब तयार होतात. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचा जायंट्स कॉजवे याच रीतीने घडला.

दख्खनच्या पठारावर असे लाव्हाचे थरावर थर साचले. त्यातले बहुतेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे; मुंबईचे काही खडक त्याहून थोडे अलीकडचे. सह्याद्रीचे कडे पायऱ्यांसारखे दिसतात ते या थरांमुळेच. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला 'ट्रॅप' हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला. आपले किल्ले, वेरूळची लेणी, घरातला पाटा-वरवंटा आणि पहाटे ओवी ऐकणारं जातं, सारी याच काळ्या दगडाची लेकरं.

आणि खडीही त्याचीच! गिल्बर्ट टेकडीभोवतीचा दगड खाणींनी खाल्ला. मधला सुळका तेवढा उरला. 2007 साली महापालिकेने त्याला वारसा यादीत स्थान दिलं. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, भाविक पायऱ्या चढून जातात. पायथ्याशी मात्र घरं अगदी खेटून उभी आहेत. उघड्या कातळाच्या भेगांत पावसाचं पाणी शिरतं, दगड सुटू शकतो. म्हणजे कातळही जपायचा आणि त्याच्या सावलीतली माणसंही.

शहराला खडी लागणारच, घरंही लागणार. खडी दुसरीकडून आणता येईल. फाटलेलं पुस्तक पुन्हा छापता येतं. पण या वहीची दुसरी प्रत नाही. मुलांना विज्ञान केंद्रात नेऊन नियम दाखवा. मग त्या नियमाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे पान, ते शिल्लक आहे तोवर, जरूर वाचायला न्या.