बोधचिन्ह, मैदान आणि मालकी : आर्सेनल फुटबॉल क्लबच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडासंस्थेचा इतिहास बहुधा विजय-पराजयाच्या आकड्यांतून मांडला जातो. परंतु संस्थेची ओळख ज्या दोन गोष्टींवर उभी असते, त्या म्हणजे तिचे बोधचिन्ह आणि तिचे मैदान. त्यांचा इतिहास हा सामाजिक, आर्थिक आणि कायदेशीर इतिहासाचाही भाग असतो. लंडनमधील आर्सेनल फुटबॉल क्लब हे याचे उत्तम उदाहरण होय. या क्लबने आपले मूळ गाव सोडले, नावातून गावाचा उल्लेख वगळला, पुढे मैदानही बदलले. मात्र तोफेचे चिन्ह कायम ठेवले. हे चिन्ह नेमके कोणाचे, या प्रश्नावर पुढे न्यायालयीन लढाई झाली. प्रस्तुत लेखात बोधचिन्ह आणि मैदान यांच्या वाटचालीचा एकत्रित विचार करून या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उगम : कारखाना आणि तोफ

'आर्सेनल' या शब्दाचा अर्थ शस्त्रागार असा आहे. टेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील वुलिच येथे ब्रिटिश सैन्यासाठी तोफा व दारूगोळा तयार करणारा 'रॉयल आर्सेनल' हा प्रचंड कारखाना होता. तेथील 'डायल स्क्वेअर' या विभागातील कामगारांनी १८८६ मध्ये फुटबॉलचा संघ स्थापन केला. ११ डिसेंबर १८८६ रोजी झालेला पहिला सामना त्यांनी ६-० असा जिंकला. लवकरच संघाने कारखान्याचेच नाव धारण केले.

१८८८ मध्ये क्लबचे पहिले बोधचिन्ह आले. त्यात तीन उभे स्तंभ होते. प्रथमदर्शनी ते कारखान्याच्या धुराड्यांसारखे दिसत. प्रत्यक्षात त्या वरून पाहिलेल्या तोफा होत्या. वुलिचच्या मानचिन्हाशी या चित्राचे नाते होते. म्हणजेच या टप्प्यावर कारखाना, गाव, संघ आणि चिन्ह या चारही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. चिन्हाची मालकी कोणाची, हा प्रश्नच तेव्हा संभवत नव्हता.

१८९१ मध्ये क्लबने व्यावसायिक स्वरूप स्वीकारले आणि १८९३ मध्ये 'वुलिच आर्सेनल' या नावाने फुटबॉल लीगमध्ये प्रवेश केला. लीगमध्ये प्रवेश मिळवणारा तो दक्षिण इंग्लंडमधील पहिला क्लब ठरला.

स्थलांतर : वुलिच ते हायबरी

लंडनच्या मध्यभागापासून दूर असल्याने प्लमस्टेड येथील मॅनोर ग्राउंड या मैदानावर पुरेसे प्रेक्षक येत नसत. १९१० मध्ये क्लब आर्थिकदृष्ट्या कोसळण्याच्या बेतात आला आणि हेन्री नॉरिस यांनी त्याचा ताबा घेतला. १९१३ मध्ये क्लब नदी ओलांडून उत्तर लंडनमधील हायबरी येथे आला. सेंट जॉन्स या धर्मशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाची क्रीडांगणे क्लबने २१ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. ख्रिसमस व गुड फ्रायडे या दिवशी सामने खेळू नयेत आणि मैदानात मद्यविक्री करू नये, अशा अटी त्यात होत्या. १९२५ मध्ये क्लबने ही जागा विकत घेतल्यानंतर हे निर्बंध संपले. हायबरीवरील पहिला सामना ६ सप्टेंबर १९१३ रोजी लेस्टर फॉस या संघाविरुद्ध झाला. मैदानाची आखणी त्या काळातील प्रसिद्ध मैदान-रचनाकार आर्चिबाल्ड लीच यांची होती.

स्थलांतरानंतर नावातील 'वुलिच' लवकरच गळून पडले; 'आर्सेनल' मात्र राहिले. ज्या वस्तीत शस्त्रागार नव्हते, तेथे शस्त्रागाराचे नाव रुजले. १९२२ मध्ये पूर्वेकडे तोंड केलेली एकच आडवी तोफ बोधचिन्ह म्हणून स्वीकारली गेली. १९२५ मध्ये तिची जागा पश्चिमेकडे तोंड केलेल्या अधिक सडपातळ तोफेने घेतली. मूळ गावाच्या मानचिन्हापासून तोफ वेगळी झाली आणि ती केवळ संघाची खूण बनली.

हायबरीचे वैभव

१९२५ ते १९३४ या काळात व्यवस्थापक असलेल्या हर्बर्ट चॅपमन यांच्या कारकिर्दीत मैदानाला खरे रूप आले. १९३२ मध्ये क्लॉड वॉटरलो फेरियर यांनी आखलेला पश्चिमेकडील स्टँड उभा राहिला. त्याच वर्षी जवळच्या 'गिलेस्पी रोड' या भुयारी रेल्वे स्थानकाला 'आर्सेनल' हे नाव देण्यात आले. येथे गावावरून क्लबला नाव मिळण्याचा नेहमीचा क्रम उलटला आणि क्लबवरून जागेला नाव मिळाले. १९३६ मध्ये पूर्वेकडील स्टँड पूर्ण झाला. 'आर्ट डेको' शैलीतील त्याचा दर्शनी भाग आणि संगमरवरी दालन यांमुळे हायबरीला वास्तुकलेच्या दृष्टीनेही महत्त्व प्राप्त झाले. ९ मार्च १९३५ रोजी संडरलँडविरुद्धच्या सामन्यास ७३,२९५ प्रेक्षक उपस्थित होते. हा मैदानावरील उच्चांक ठरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, विस्तृत बोधचिन्ह आले. त्यात तोफेबरोबर गॉथिक वळणाची अक्षरे, इस्लिंग्टन या स्थानिक बरोचे मानचिन्ह आणि 'एकोप्यातून विजय वाढतो' या अर्थाचे लॅटिन बोधवाक्य होते. सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेचे संपादक हॅरी होमर यांनी ते वाक्य सुचवले होते. मूळ गावाची तोफ आणि नव्या गावाचे मानचिन्ह यांचा हा संयोग म्हणजे स्थलांतराचा इतिहासच चित्ररूपाने मांडला जाणे होय.

चिन्ह न्यायालयात

१९८९ मध्ये क्लबने आपले नाव, बोधचिन्ह आणि तोफ यांची व्यापारचिन्हे म्हणून नोंदणी केली. हायबरीबाहेर १९७० पासून एक विक्रेता क्लबचे नाव व चिन्ह असलेले गळपट्टे आणि टोप्या विकत असे. आपला माल अधिकृत नाही, अशी पाटीही तो लावत असे. क्लबने त्याच्यावर दावा दाखल केला. २००१ मध्ये उच्च न्यायालयाने व्यापारचिन्हाच्या मुद्द्यावर विक्रेत्याच्या बाजूने मत दिले. वस्तूवरील चिन्ह हे तिच्या उत्पादकाची ग्वाही नसून खरेदीदाराच्या संघनिष्ठेची खूण आहे, असा त्यामागील विचार होता. मात्र युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २००२ मध्ये भिन्न भूमिका घेतली. ग्राहक चिन्हाकडे निष्ठेची खूण म्हणून पाहत असला तरी, अशा विक्रीमुळे मालाच्या उगमाची हमी धोक्यात येते, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. मे २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अखेर क्लबच्या बाजूने निर्णय दिला.

याच काळात, २००२ मध्ये, क्लबने नवे बोधचिन्ह आणले. जुन्या चिन्हातील अनेक स्वतंत्र घटकांमुळे त्यावर स्वामित्वहक्क मिळवणे शक्य होत नाही, हे कारण क्लबने दिले. नव्या चिन्हात तोफ पूर्वेकडे वळली. बरोचे मानचिन्ह आणि लॅटिन बोधवाक्य वगळले गेले. अनेक समर्थकांनी या बदलास विरोध केला. मालकी सिद्ध करण्यासाठी इतिहासाचा काही भाग पुसावा लागतो, ही यातील विसंगती लक्षणीय आहे.

नवे मैदान

१५ एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर १९९० च्या टेलर अहवालानुसार प्रमुख मैदानांवर सर्व प्रेक्षकांसाठी आसने बंधनकारक झाली. त्यामुळे हायबरीची क्षमता सुमारे ३८,४०० वर आली. भोवतालची दाट वस्ती आणि १९९७ मध्ये वारसा-इमारत म्हणून संरक्षण मिळालेला पूर्वेकडील स्टँड यांमुळे विस्तार दुष्कर होता. ज्या वास्तूचे वैभव जपायचे होते, तिनेच क्लबला स्थलांतरास प्रवृत्त केले, असे म्हणता येईल.

७ मे २००६ रोजी विगन संघाविरुद्ध हायबरीवरील अखेरचा सामना झाला. जवळच्याच अ‍ॅशबर्टन ग्रोव्ह येथे सुमारे ३९ कोटी पौंड खर्चून ६० हजारांहून अधिक आसनांचे मैदान त्याच वर्षी खुले झाले. २००४ मधील प्रायोजकत्वाच्या करारानुसार त्यास 'एमिरेट्स स्टेडियम' हे विमान कंपनीचे नाव मिळाले. युरोपीय स्पर्धांमध्ये प्रायोजकाचे नाव चालत नसल्याने तेथे त्याचा उल्लेख 'आर्सेनल स्टेडियम' असा होतो. हायबरीचे अधिकृत नावही हेच होते. हायबरीच्या जागी निवासी संकुल उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या स्टँडचे दर्शनी भाग जतन करण्यात आले आणि खेळपट्टीच्या जागी बाग झाली.

समारोप

क्लबची बाजूही समजून घेणे आवश्यक आहे. एवढा खर्च पेलण्यासाठी अधिकृत वस्तूंची विक्री आणि नामकरणाचे हक्क हे उत्पन्नाचे मोठे मार्ग असतात. त्यामुळे न्यायालयाने क्लबला दिलेले संरक्षण अनाठायी म्हणता येत नाही. तथापि कायदा चिन्हाच्या विक्रीचा हक्क ठरवतो. चिन्हाला अर्थ कोण देतो, हे ठरवत नाही. तो अर्थ वुलिचच्या कामगारांनी आणि हायबरीच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांच्या पिढ्यांनी दिला. २०२४-२५ च्या हंगामात क्लबने गणवेशावर पूर्ण बोधचिन्हाऐवजी पुन्हा केवळ तोफ आणली. वुलिचचा शस्त्रनिर्मितीचा कारखाना १९६७ मध्येच बंद झाला होता. कारखाना उरला नाही, जुने मैदान उरले नाही, तोफ उरली. कागदोपत्री ती क्लबची मालमत्ता आहे. परंतु तिचे मूल्य ज्यांच्या स्मृतीवर अवलंबून आहे, त्या समर्थकांना निर्णयप्रक्रियेत कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही. सार्वजनिक स्मृतीवर उभ्या असलेल्या प्रत्येक संस्थेला, आपले चिन्ह वा वास्तू बदलताना, त्याचे उत्तर द्यावे लागते.