मॉरिशसचा दीड दिवसाचा गणपती

पोर्ट लुई, मॉरिशस



मॉरिशसमध्ये गणपतीची सरकारी सुट्टी असते, पण ती चतुर्थीला नाही, दुसऱ्या दिवशी. विसर्जन त्या दिवशी असते. कोकणातला दीड दिवसाचा गणपती इथे जसाच्या तसा चालत आला आहे. मूर्ती घेऊन गावेच्या गावे नदीवर नाहीतर समुद्रावर निघतात. पुढे कोकणातला जाखडी नाच करणारी पोरे असतात. आरती मराठीत होते आणि ती संपली की तीच पोरे आपसात क्रिओल बोलू लागतात. वऱ्हाडातून आलेल्या माणसाला हे पाहून नवल वाटते. हे कसे घडले, ते सांगायचे आहे.

हे बेट अकोला जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. इंग्रजी राज्यात इथली गुलामगिरी १८३५ साली संपली; ती संपणार हे दिसताच उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन इथे लागले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर आली. आम्ही ज्यांना गिरमिटिये म्हणतो ती हीच. बंदरावरच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून ती बेटावर पाऊल ठेवत. २००६ पासून तो घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बहुतेक लोक बिहारकडचे, भोजपुरी बोलणारे. मद्रासहून तमिळ आणि तेलुगू आले. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसे होती, संख्येने थोडी. त्रिनिदाद आणि गयाना या कॅरिबियन मुलखाकडची जहाजे मात्र प्रामुख्याने कलकत्त्याहून सुटत. म्हणून त्रिनिदादमध्ये आज रामलीला आणि फगवा दिसतो, गावोगावचा मराठी गणपती दिसत नाही.

यांत आपले वऱ्हाडी कुठे? त्याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, कापसाचा भाव चढला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. काळ्या जमिनीला हात हवे होते, म्हणून बाहेरची माणसेच वऱ्हाडात येत होती. त्यांतल्या कितीतरी घरांचे मूळ गाव आज कोणी सांगू शकत नाही. मॉरिशसमधल्या घरांना ते सांगता येते, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची दप्तरे आहेत. प्रत्येकाला क्रमांक, नोंदीत बापाचे नाव, गाव, वय, उंची; १८६० च्या दशकापासून पुढे छायाचित्रेही. ज्या दप्तराने माणसाला मालासारखे मोजले, त्याच दप्तरातून आज त्याच्या पणतवंडाला आपले गाव सापडते. आडनावे मात्र बदलली. आलेल्या पुरुषाचे पहिले नावच घराण्याचे आडनाव होऊन बसले. म्हणून इथे बाबाजी, भिवाजी ही आडनावे भेटतात.

गणपतीची सुरुवात १८९६ साली हेन्रिएट्टा गावातल्या एका घरात झाली, असे इथे सांगतात. कास्कावेल गावात मराठ्यांचे मंदिर आहे. लग्नात गोंधळ घालण्याची चालही टिकून आहे. ऊस तोडून थकलेली माणसे संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात जमली असतील, त्यांनी आठवत आठवत एकमेकांना पदे शिकवली असतील. पुस्तक नव्हते, ताडून पाहायला पुन्हा गावी जाता येत नव्हते. कायमचे परत जाणारेही होते. राहिले त्यांनी जे पाठ होते ते पुढे दिले.

भाषेचे तसे नाही. घराघरात क्रिओल बोलतात. मराठी टिकली आहे ती पूजेत आणि शाळेत. सरकारी शाळांत ती ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात. सरकारने ही सोय केली नसती तर आज आरतीचा अर्थ सांगणाराही मिळाला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नुसत्या शाळेने जाखडी राहिली नसती. ती राहिली घराच्या आग्रहामुळे.

आता आपल्याकडचे पाहा. वऱ्हाडात, आपल्या तेल्हाऱ्यात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागरीपर्यंत गाणी चालतात. पुष्कळ घरांत ती आता दोन-चार कडव्यांवर आली आहेत. आपल्याला समुद्र ओलांडावा लागलेला नाही आणि ती गाणी पूर्ण येणाऱ्या आज्या अजून आपल्या गल्लीत आहेत. येत्या भुलाबाईत त्यांच्यापाशी बसून गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करा, वहीत उतरवा आणि प्रत्येक गाण्याखाली गाणारीचे नाव व तिचे माहेरचे गाव लिहा. शाळांतल्या बाईंनी आणि गुरुजींनी हे काम मुलींकडून करून घ्यावे, ही माझी विनंती आहे.