सांगणं आणि विचारणं : मिश्री सोडू पाहणाऱ्या बायकांना साथ कशी द्यावी?



नाशिककरांना व्याख्यान ऐकण्याची सवय जुनी. गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेनं तर शंभरी ओलांडली. त्यामुळे आपली एक समजूत पक्की झाली आहे, की माणसाला नीट समजावून सांगितलं की तो सुधारतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं ते याच समजुतीवर. आज मात्र ही समजूत लंगडी पडते असा विषय घेतला आहे. तंबाखू सोडू पाहणाऱ्या बायकांना मदत करण्यासाठी तरुण मुलींना तयार कसं करायचं?

आधी चित्र स्पष्ट करू. बाई आणि तंबाखू म्हटलं की शहरातल्या माणसाला सिगारेट ओढणारी तरुणी आठवते. पण २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १.४ टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या निघाल्या आणि बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. यात आपल्याकडची घरोघरची ओळखीची वस्तू म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची. भाजल्यानं निकोटीन नाहीसं होत नाही. ते तोंडाच्या नाजूक त्वचेतून रक्तात उतरतं. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर केंद्र सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गुंता आहे. सिन्नरला विड्या वळण्याचा धंदा जुना. त्या कामावर किती बायकांनी संसार ओढले! तिथे तंबाखू वाईट असं सांगायला गेलेल्या मुलीपुढे 'मग खायचं काय?' हा प्रश्न आधी उभा राहतो.

आता घरचंच सांगतो. आमची आई मिश्री लावायची. सुरुवात दाढदुखीनं झाली. पुढे सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होईना, डोकं चालेना. आम्ही डॉक्टरेट मिळवून घरी आलो, तेव्हा अंगात विद्वत्ता संचारली होती. तिला समोर बसवून आम्ही कर्करोगावर तासभर बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मिश्रीची डबी आम्हाला दिसली नाही. आम्ही खूश! पुढे काही वर्षांनी ती गेली, तेव्हा गोधड्यांच्या घडीत ती डबी सापडली. अर्धी भरलेली. इतकी वर्षं तिनं ती आमच्यापासून लपवली होती, आणि या काळात तोंड आलं, दात दुखला, हेही ती आम्हाला सांगत नव्हती. आमच्या व्याख्यानाचा परिणाम झाला तो एवढाच.

याचं कोडं जुनं आहे. सॉक्रेटिसचं म्हणणं असं, की जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. चुकतो तो अज्ञानामुळे. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या सातव्या भागात तो विचारतो, की बरं काय ते कळत असूनही माणूस उलटं का वागतो? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाचा प्रश्नही हाच, की इच्छा नसताना कुणीतरी ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो. आमच्या आईला माहिती कमी नव्हती. तिला अडचण होती ती सवयीची, आणि त्या अडचणीबद्दल बोलायला कुणी नव्हतं.

गावात हे बोलणं कोण करू शकेल? आशाताई. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हापासून साधारण हजार वस्तीमागे एक, त्याच गावची बाई हे काम करते. तीस वर्षांवरच्या माणसांची तपासणीपूर्व माहिती ती एका फॉर्मवर भरते. त्यात तंबाखूचा प्रश्न आहे : कधीच नाही तर शून्य गुण, पूर्वी किंवा अधूनमधून असेल तर एक, रोज असेल तर दोन. दोनवर खूण झाली. पुढे काय? खरं काम या खुणेनंतर सुरू होतं, आणि प्रशिक्षण द्यायचं ते त्यासाठी.

पहिली शिकवण विचारण्याची. समोरची बाई वयानं मोठी, कदाचित नात्यातली. पंचविशीतल्या मुलीनं तिला उपदेश केला तर तो उद्धटपणा ठरतो. म्हणून प्रशिक्षणात मुलींना जोड्यांनी बसवावं. एकीनं मावशी व्हावं, दुसरीनं आशाताई. बोलणं असं व्हावं :

"मावशी, मिश्री कधीपासून लावता?"

"लगीन झाल्यापासून, पोरी."

"सकाळी उठल्यावर पहिली कधी लागते?"

"डोळा उघडला की. त्याबिगर हात चालत नाही."

"मिश्रीनं बरं काय वाटतं? आणि नको काय वाटतं?"

हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासोबत मांडलेल्या पद्धतीचं सार हेच, की बदलाची कारणं त्या माणसाच्याच तोंडून यावीत. मावशी म्हणेल, 'नातू जवळ येत नाही, वास येतो म्हणतो.' कर्करोगाच्या चित्रापेक्षा हा नातू तिला जास्त हलवतो. आणि उठल्या उठल्या मिश्री लागते याचा अर्थ निकोटीनची पकड घट्ट आहे, हेही मुलीला कळतं.

दुसरी शिकवण, परवानगी घेऊन थोडकं सांगण्याची. 'मावशी, एक सांगू का?' सून गरोदर असून मिश्री लावत असेल, तर सांगण्यासारखी गोष्ट ही : मुंबईतल्या १२१७ गर्भवती स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. तिनं ती पूर्ण बंदच करावी.

तिसरी, पुढच्या दिवसांची तयारी. सोडल्यावर चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप उडते, पोट साफ होत नाही. हे आधी सांगितलं नाही, तर बाई म्हणते, 'बघ, मिश्री सोडली अन् आजारी पडले.' हा त्रास पहिल्या काही दिवसांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तलफ आली तर ती काही मिनिटांत उतरते. तोवर पाणी प्यावं, बडीशेप चघळावी, शेजारणीशी बोलावं. पोटासाठी भरपूर पाणी आणि पालेभाजी.

एकदम सोडणं जमत नसेल तर? दिवसातून पाच वेळा लावते, तिनं दुपारची आधी सोडावी, मग संध्याकाळची, आणि सकाळची दर दोन-तीन दिवसांनी थोडी उशिरा ढकलावी. मात्र मुलीनं हेही स्पष्ट सांगावं, की कमी करणं ही पायरी आहे. थोडी मिश्री सुरक्षित, असं नसतं. सोडायची तारीख ठरवावी आणि ती मावशीनंच ठरवावी.

चौथी शिकवण परत जाण्याची. पुन्हा सुरू झालेली बाई आशाताईला टाळते. अशा वेळी 'पुन्हा लावलीत ना?' म्हणायचं नाही. 'किती दिवस राहिलात मावशी? आठ? मग ते आठ दिवस कसे काढलेत?' असं विचारायचं. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांकडे सोबत जायचं. शिवाय १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. तो मावशीला मोबाइलवर लावून द्यायचा.

या मुलींचंही एक ओझं आहे. कुणाची स्वतःची सासू मिश्री लावते, कुणी स्वतःच लावते. प्रशिक्षणात हे मोकळेपणानं बोलता यायला हवं. आणि आशाताईंना मोबदला मिळतो तो बहुतेक कामागणिक. मावशीच्या ओट्यावर अर्धा तास बसून ऐकल्याचे पैसे कोण मोजतं? ही मागणी आपण श्रोत्यांनीही करायला हवी.

तर मंडळी, घरी गेल्यावर कुणालाही आमचं हे व्याख्यान ऐकवू नका. घरात मिश्री लावणारी आई, आजी, मावशी असेल तर तिच्याजवळ बसा आणि फक्त विचारा, 'केव्हापासून लावतेस गं?' मग ती काय म्हणते ते ऐका. आम्ही आमच्या आईला हे कधी विचारलं नाही.