सात अक्षरांची ओळख

पेशीच्या केंद्रकाला दारे आहेत. लहान रेणू सहज आत शिरतात. मोठ्या प्रथिनाला ओळख दाखवावी लागते. ती वाचून आत नेणारे वाहक म्हणजे ‘इम्पोर्टिन’. एसव्ही-४० या माकडांच्या विषाणूला आपल्या डीएनएच्या प्रती केंद्रकातच काढाव्या लागतात. त्या कामी येणाऱ्या त्याच्या टी-अँटिजेन या प्रथिनावर ही ओळख अमिनो आम्लांच्या अवघ्या सात अक्षरांत लिहिलेली असते. १९८४ मध्ये संशोधकांनी त्यांतले एकच लायसिन बदलले आणि प्रथिन बाहेर राहिले. (मुद्रितशोधकांना याचे नवल वाटू नये.) उलट, तीच अक्षरे एरवी बाहेर राहणाऱ्या पायरुव्हेट कायनेजला जोडताच ते आत गेले. वाहक अक्षरे वाचतो. ती कोणाची, हे पाहत नाही. पेशीची स्वतःची कित्येक प्रथिनेही अशाच खुणेने आत जातात. म्हणून औषधाने ही वाट अडवू गेल्यास घरच्यांचीही अडते.