आधी प्रश्न, मग पुस्तक

आसनगाव स्टेशनवरून माहुलीचे सुळके दिसतात. पावसाळ्यात त्या डोंगरांवरून पाण्याचे लोट उतरतात. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणं याच शहापूर तालुक्यातली. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि याच तालुक्यात एप्रिल-मे उजाडला की कित्येक पाड्यांवर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेत बसतात. असं का होतं?

समजा, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या वर्गात पहिल्याच दिवशी टाकला. द्रवगतिकीचा एकही धडा झालेला नाही, फळा कोरा आहे आणि सरांनी एवढंच विचारलंय. समस्याधारित अध्ययन म्हणतात ते हेच. आपल्याकडे आधी सिद्धांत, मग उदाहरण, शेवटी जमलं तर प्रत्यक्ष काम, असा क्रम असतो. इथे तो अख्खा उलटा होतो.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९मध्ये वैद्यकीय शिक्षणाची सुरुवातच अशी केली. शरीररचनेचे ग्रंथ पालथे घालण्याआधी मुलांच्या लहान गटासमोर एका रुग्णाची तक्रार ठेवायची. यातलं आपल्याला काय ठाऊक आहे, काय नाही, ते त्यांनीच ठरवायचं आणि मग ग्रंथालय गाठायचं. १९७४मध्ये नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट आणि डेन्मार्कमधलं आल्बोर्ग ही नवी विद्यापीठं याच वाटेनं निघाली. योगायोग असा की, १९६९मध्येच सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं आणि तिथली मुलं पहिल्याच वर्षी खेड्यात मुक्कामाला जाऊ लागली.

प्रश्न आधी आला म्हणून डोक्यात असं काय घडतं? मास्ट्रिख्टच्या हेंक श्मिट यांनी एक सुंदर प्रयोग केला. रक्तातली तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर फुगते आणि फुटते, खारट पाण्यात टाकली तर आक्रसते. का? काही विद्यार्थ्यांना यावर आधी आपसात तर्क लढवायला लावले, इतरांना वेगळाच विषय दिला. मग सगळ्यांनी एकच उतारा वाचला. ज्यांनी आधी डोकं चालवलं होतं, त्यांच्या लक्षात कितीतरी जास्त राहिलं. उतारा तोच, तरीही! वाचण्याआधीच मनात जागा तयार झाली होती.

आता शहापूरच्या पाड्यांकडे परत या. समजा, एका पाड्याची वस्ती ३०० माणसांची. जलजीवन मिशनच्या हिशेबानं माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे १६,५०० लिटर. पाडा विहिरीपेक्षा १०० मीटर उंचावर आहे असं धरू. हजार लिटर पाणी तेवढं वर चढवायला, पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून, साधारण अर्धा युनिट वीज लागते. म्हणजे सगळ्या पाड्यासाठी रोज आठेक युनिट. मुलं इथे चमकतात, कारण हे बिल एका घराच्या आवाक्याबाहेरचं असलं तरी पाड्याच्या आवाक्यातलं वाटतं. मग पाणी येत का नाही? पाइपाचा व्यास बघा. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून नेलं, तर घर्षणात वाया जाणारा दाब सुमारे तीसपट होतो! दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, तीसपट. शिवाय उतारावरचे नळ आधी वाहतात आणि टोकाच्या घरी नुसती हवा फुसफुसते. मग कुणीतरी विचारतं, पण मे महिन्यात विहिरीत पाणी तरी असतं का? तिथून गाडी भूशास्त्राकडे वळते. इथला काळा कातळ पाणी फक्त भेगांत धरतो, बाकीचं उतारावरून धावत सुटतं. पुढचा प्रश्न येतो बिल कुणी भरायचं आणि व्हॉल्व्ह कुणाच्या हातात असावा याचा. एका प्रश्नानं चार विषयांची दारं उघडली आणि ती मुलांनी स्वतः उघडली.

हे स्वप्नरंजन नाही. आयआयटी मुंबईत १९८५पासून ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथले विद्यार्थी गावात राहून पाणी योजनांचा अभ्यास करतात. कर्जत आणि शहापूरच्या योजनाही त्यांनी अभ्यासल्या आहेत. प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांच्यासारख्यांनी हा आग्रह वर्षानुवर्षं धरला. २०१६मध्ये राज्य सरकारनं उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, ते जिल्ह्याजिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आपल्या परिसराचे प्रश्न अभ्यासावेत म्हणूनच.

या पद्धतीला वेळ फार लागतो, हे खरं. निव्वळ माहिती विचारणाऱ्या परीक्षेत अशी मुलं कधीकधी थोडी मागेही पडतात. पण शिकलेलं वापरायची वेळ आली की पुढे असतात आणि ते विसरतही नाहीत. सर्वात कठीण काम शिक्षकाचं. उत्तर ठाऊक असताना गप्प बसायचं आणि नेमक्या क्षणी एकच प्रश्न विचारायचा. पंचेचाळीस मिनिटं बोलण्यापेक्षा हे अवघड आहे. शेवटच्या वर्षी बाजारातून विकत आणलेल्या रेडीमेड प्रोजेक्टला मात्र या पद्धतीचं नाव देऊ नये. तिथे प्रश्नच कुणाला पडलेला नसतो.

आसनगावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शहापूर-मुरबाडमध्ये पदवीची इतर महाविद्यालयं आहेत आणि टँकर लागणारे पाडे तिथून एसटीच्या अंतरावर आहेत. तिथल्या प्राध्यापकांना एवढंच सांगणं आहे: येत्या सत्रात एक पाडा निवडा, पहिला तास त्याच्या पाण्याला द्या आणि मुलांनी जे शोधलं ते १ मेच्या ग्रामसभेत त्यांनाच मांडू द्या.