लहानपणीच्या सायकलवर दोन मिनिटे : इंग्रजी तोंडी परीक्षेतील उत्तर कसे सुधारावे?

तामिळनाडूतील कुंभकोणमजवळचे स्वामीमलै हे मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी एक आणि कांस्यमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील विद्यार्थी असो वा महाराष्ट्रातील, परदेशातील शिक्षणासाठी आयईएलटीएस परीक्षा देताना ‘लहानपणी शिकलेल्या एखाद्या गोष्टीविषयी बोला’ अशा स्वरूपाचा विषय त्याच्या समोर येऊ शकतो. सायकल हे त्यावरचे सर्वांना सुचणारे उत्तर. तरीही अनेकांचे बोलणे अर्ध्या मिनिटात आटोपते. प्रवेशासाठी आवश्यक गुणांपासून अर्ध्या गुणाने दूर राहिलेल्या उमेदवाराला पुन्हा हजारो रुपयांचे शुल्क भरावे लागते. त्यामुळे हे उत्तर नेमके कोठे अडते, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

परीक्षेचे स्वरूप

ही तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असून तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात परिचयाचे प्रश्न विचारले जातात. दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड हाती येते; तयारीसाठी १ मिनिट मिळते आणि त्यानंतर १ ते २ मिनिटे सलग बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या व्यापक बाजूंवर चर्चा होते. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना समान महत्त्व असते. अनुभव किती रोमांचक होता, याला गुण नसतात.

सामान्य विधानांऐवजी स्वतःची आठवण

‘मला सायकल फार आवडत असे, वडिलांनी शिकवली, तो अविस्मरणीय अनुभव होता,’ एवढे सांगितल्यावर उमेदवाराकडे बोलण्यासारखे काही उरत नाही. याउलट सायकल कोणाची होती, कोणत्या रस्त्यावर शिकलो, पहिल्यांदा कोठे पडलो आणि एकट्याने कोठवर गेलो, हे चार तपशील आठवले की वाक्ये आपोआप सुचू लागतात. तयारीच्या मिनिटात पूर्ण वाक्ये न लिहिता हे चार शब्दच टिपावेत.

उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून मारलेल्या ‘हाफ पायडल’ला तमिळमध्ये ‘कुरंगु पेडल’ म्हणजे ‘माकड पेडल’ म्हणतात. त्यासाठी इंग्रजी शब्द आठवला नाही, तरी थांबण्याचे कारण नाही. ‘सायकल माझ्यापेक्षा उंच होती, म्हणून मी दांडीखालून पाय घालत असे,’ असे साध्या इंग्रजीत समजावून सांगणे हेही शब्दसंपत्तीच्या निकषात जमेची बाजू मानले जाते.

पाठ केलेले उत्तर मात्र धोक्याचे असते. स्वामीमलैचे कारागीर मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचा साचा चढवतात, मेण वितळवून त्यात धातू ओततात आणि साचा फोडून मूर्ती बाहेर काढतात. तो साचा पुन्हा वापरता येत नाही. उत्तराचेही तसेच आहे. कार्डावरील प्रश्न थोडा बदलला, तरी पाठांतर विषयाबाहेर जाते आणि एकसुरी लयीमुळे परीक्षकाच्या सहज लक्षात येते.

मराठीचा आधार, मराठीचा अडसर

भूतकाळाच्या बाबतीत मराठी भाषकाला आपल्या भाषेचा उपयोग होतो. ‘वडील मागून धरायचे’ ही सवय झाली, तर ‘त्या दिवशी त्यांनी हात सोडला’ ही एकदाच घडलेली घटना. पहिल्यासाठी इंग्रजीत ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ वापरावे, दुसऱ्यासाठी साधा भूतकाळ. सवयीपासून घटनेकडे जाणाऱ्या उत्तराला क्रमही मिळतो आणि व्याकरणातील विविधताही दिसते.

शब्दशः भाषांतर मात्र घात करते. ‘सायकल शिकलो’ याचे इंग्रजी ‘लर्न्ट सायकल’ होत नाही. ‘लर्न्ट टू राइड अ बायसिकल’ असे म्हणावे लागते. ‘सायकलवरून पडलो’ यासाठी ‘फेल ऑफ माय बायसिकल’ हा प्रयोग योग्य. इंग्रजीतील ‘द’ या उपपदासारखा शब्द मराठीत नाही आणि तमिळमध्येही नाही; त्यामुळे तो गाळण्याची चूक दोन्हीकडे होते. सायकलचा पहिला उल्लेख ‘अ बायसिकल’ आणि त्यानंतर तीच सायकल ‘द बायसिकल’, हा नियम सरावाने अंगवळणी पडतो. भारतीय धाटणीच्या उच्चारामुळे गुण कमी होत नाहीत. बोलणे स्पष्ट कळणे आवश्यक असते.

चर्चेसाठी घराबाहेरचे संदर्भ

तिसऱ्या भागात ‘सायकलमुळे समाजात काय बदलते?’ असा प्रश्न येऊ शकतो. तामिळनाडूत सरकारी व अनुदानित शाळांतील अकरावीच्या विद्यार्थ्यांना राज्य शासन मोफत सायकल देते. स्वामीमलै ज्या तंजावर जिल्ह्यात आहे, त्याच्या शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरता चळवळीबरोबरच हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकलसाठी अर्थसाहाय्य मिळते. असे एखादे उदाहरण देऊन त्याचे कारण सांगितल्यास मत ठोस होते.

सराव कसा करावा?

उत्तर भ्रमणध्वनीवर दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करून ऐकावे. पहिल्या वेळी केवळ क्रियापदांचे काळ तपासावेत, दुसऱ्या वेळी उपपदे आणि तिसऱ्या वेळी अनावश्यक थांबे. दरवेळी एकच दोष सुधारून तीच आठवण नव्या वाक्यांत पुन्हा सांगावी. आठवण कायम ठेवून वाक्ये बदलता येऊ लागली, की कार्डावर कोणताही प्रश्न आला तरी उमेदवार अडत नाही.