ऑपरेशनच्या टेबलावरची थंडी आणि आपले कापड

कारेगावला लागूनच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे आमच्या चादरी-ब्लँकेटच्या गिऱ्हाइकांत कामगार आहेत तसे दवाखानेही आहेत. दवाखान्याच्या मालाचा बहुधा भावच विचारला जातो. पण ते कापड ऑपरेशनच्या वेळी काय काम करते, हे विकणाऱ्या बांधवांनीही जाणून घ्यावे.

शरीराचे आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ऑपरेशनमध्ये ते ३६ च्या खाली जाणे धोक्याचे मानतात. भूल दिल्यावर शरीराची ऊब राखण्याची व्यवस्था ढिली पडते. रक्तवाहिन्या पसरतात आणि आतली उष्णता हातापायांकडे वाहते. पहिल्या तासातच तापमान १ ते दीड अंशाने उतरू शकते. त्यात थंड खोली, उघडे अंग आणि गार सलाईन यांची भर पडते.

परिणाम गंभीर होतात. रक्त नीट गोठत नाही, जखमेला प्राणवायू कमी मिळतो. १९९६ साली ऑस्ट्रियातील २०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. या सर्वांची आतड्याची ऑपरेशने झाली होती. ज्यांना उबदार ठेवले, त्यांच्यापैकी ६ टक्के रुग्णांच्या जखमा पिकल्या. थंड राहिलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. त्यांचा इस्पितळातील मुक्कामही सुमारे अडीच दिवसांनी लांबला.

आता कापडाकडे वळू. कापड स्वतः उष्णता देत नाही, ते हवा अडवून ठेवते. अंगावरचा एक थर उष्णतेची गळती साधारण ३० टक्क्यांनी कमी करतो. पुढच्या थरांनी फारसा फरक पडत नाही. ओली चादर तर उलट ऊब ओढून घेते. म्हणून "जितके जाड तितके चांगले" असे सांगून माल खपवणे सचोटीचे नव्हे. दवाखान्याला सुती, गरम पाण्यात वारंवार धुता येणारी आणि लव न सोडणारी चादर द्यावी.

लांबच्या ऑपरेशनला गरम हवेचे यंत्र लागते. त्याची हवा न विणलेल्या कापडाच्या हलक्या, दुहेरी आवरणात शिरते व बारीक छिद्रांतून रुग्णाच्या अंगावर येते. हे आवरण एकदाच वापरायचे असते. पिशव्यांचे साधे कापड त्याच्या जागी कोणी देऊ नये. अशी उपकरणे वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ खाली येतात. धंद्यात उतरण्याआधी परवान्याची चौकशी करावी.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. ऑपरेशनआधी रुग्णाला थंडी वाजत असेल तर लगेच नर्सला सांगावे. आणि भूल उतरेपर्यंत गरम पाण्याची पिशवी आपल्या मनाने लावू नये. सुन्न अंगाला चटका कळत नाही.